मदत हवी आहे: परदेशी पाठवलेल्या व्हीलचेअर पडून आहेत, पुढचा प्रकल्प कसा आखावा?

नमस्कार मंडळी,

सहा वर्षांपासून मी एका सेवा क्लबची सभासद आहे. यंदा प्रकल्प समिती माझ्याकडे आली आणि पहिल्याच निर्णयापाशी अडले आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या देशातल्या एका संस्थेला चाळीस व्हीलचेअर पाठवल्या होत्या. खोकी भरायला सगळेजण रात्री उशिरापर्यंत थांबलो होतो. गेल्या महिन्यात तिथून फोटो आले. एका खुर्चीचं पुढचं लहान चाक निखळलंय, पाय ठेवायची पट्टी दोरीने बांधलीय आणि खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलीय. ज्या मुलीला ती दिली तिला ती फार रुंद पडायची. बसवलं की मुलगी एका बाजूला कलायची, म्हणून दोन्हीकडे उशा खोचायचे. चाक गेल्यावर आईवडील तिला पुन्हा उचलून नेऊ लागले. तो फोटो पाहिल्यापासून मनाला चैन नाही.

मग या विषयावर वाचायला घेतलं. कमी साधनांच्या ठिकाणी व्हीलचेअर कशा द्याव्यात, याच्या मार्गदर्शक सूचना जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्येच दिल्या आहेत. आधी माणसाची तपासणी आणि मापं, मग खुर्ची त्याला बसवून नीट जुळवणं, वापरायला शिकवणं आणि पुढे देखभाल-दुरुस्ती, असं ते सगळं काम आहे. आम्ही नुसती खुर्ची दिली.

आता क्लबात काहीजण म्हणतात, परदेशातलं काम बंद करा, रक्तदान आणि नेत्रतपासणी शिबिरं घ्या. शिबिरं हवीतच, पण बाकीचं मला पटत नाही. रोटरी या सेवा क्लबांच्या जागतिक संघटनेने १९८५ मध्ये पोलिओप्लस ही पोलिओ हटवण्याची मोहीम सुरू केली. १९८८ मध्ये जगात वर्षाला अंदाजे साडेतीन लाख लोकांना पोलिओ होत होता, तो पुढे ९९ टक्क्यांहून जास्त कमी झाला. पैसा जगभरातून आला, पण दारोदार जाऊन डोस पाजले ते त्या-त्या भागातल्या माणसांनी. आमच्या प्रकल्पात नेमकी तीच माणसं नव्हती.

रोटरी फाउंडेशनच्या ग्लोबल ग्रँटचे, म्हणजे मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पांसाठीच्या अनुदानाचे, नियमही वाचले. जिथे काम करायचं तिथला एक रोटरी क्लब आणि बाहेरच्या देशातला एक, असे दोन भागीदार लागतात, आणि स्थानिक गरजांची पाहणी आधी करावी लागते. प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा हवा, म्हणजे आमच्याएवढ्या लहान क्लबला इतरांची साथ घ्यावीच लागेल.

माझा विचार असा आहे की यंदा नव्या खुर्च्या न पाठवता तिथल्याच दोन-तीन जणांना दुरुस्ती आणि मापं घेणं शिकवावं, सुटे भाग द्यावेत. असं काम कोणी केलंय का? शिकलेल्या माणसाचा पगार पहिल्या वर्षानंतर कोणी दिला? आणि गरजांची पाहणी करताना समोरचे लोक संकोचाने "तुम्ही द्याल ते चालेल" म्हणतात, तेव्हा खरी गरज कशी काढून घेता? मला सगळ्यात जास्त हेच अडतंय.

सभा पंधरा दिवसांनी आहे. फसलेला अनुभव असला तरी कृपया सविस्तर लिहा. त्या मुलीची मापं मी तिथल्या संस्थेकडून मागवली आहेत. तिची खुर्ची तरी आधी नीट करायची आहे.