‘मेस्देमेत’ला काजळ म्हणावे का?

मूळ मुद्दा

प्राचीन इजिप्तविषयीच्या मराठी लेखनात ‘मेस्देमेत’ या डोळ्यांना लावायच्या काळ्या रंगाच्या इजिप्शियन नावासाठी ‘काजळ’ लिहिले जाते आणि माझी त्याला ठाम हरकत आहे. आपले काजळ म्हणजे दिव्यावर उपड्या धरलेल्या ताटलीला धरणारी काजळी, तुपात खललेली. मेस्देमेत मात्र मुख्यतः गॅलेना, म्हणजे शिशाचे चकाकणारे खनिज; ते तांबड्या समुद्राकाठच्या गेबेल अल-झैतसारख्या खाणींतून येई आणि दगडावर वाटून त्याची पूड केली जाई. हिरव्या रंगासाठी तर ‘वाजू’ हा निराळा शब्द होता. तो मॅलाकाइट या तांब्याच्या हिरव्या खनिजाचा, आणि त्याच्या मुळाशी असलेल्या ‘वाज’चा अर्थ हिरवे, टवटवीत. दोन्हींना काजळ म्हटले की हा भेदच पुसला जातो. मेस्देमेतला ‘सुरमा’ म्हणावे.

प्रतिसाद १

‘काजळ’ नको हे मान्य, पण ‘सुरमा’ही पटत नाही, कारण मूळ शब्दात खनिजाचे नावच नाही. ‘सदेम’ हे डोळे रंगवण्याचे क्रियापद. चित्रलिपीत ते लिहिताना खालची पापणी रंगवलेला डोळा काढीत. त्याला आधी ‘म’ लागून साधनवाचक नाम झाले, जसे आपल्याकडे आंजणे आणि अंजन. पदार्थावरून भाषांतर केले की काय होते, याचा दाखला याच शब्दाने दिला आहे. तोच पुढे ग्रीकमध्ये ‘स्तिम्मी’ आणि लॅटिनमध्ये ‘स्टिबिअम’ झाला, स्टिबिअम म्हणजे अँटिमनी (शिशाहून निराळे मूलद्रव्य) ठरले, आणि अभ्यासक कित्येक वर्षे इजिप्शियन डोळ्यांत अँटिमनी घालत राहिले. प्रत्यक्ष कुप्यांमधली पूड तपासली तेव्हा ती बहुतांशी शिशाची निघाली. शिवाय इ. स. पू. १५५० च्या सुमाराच्या एबर्स पपायरस या इजिप्शियन वैद्यकग्रंथात मेस्देमेत नेत्ररोगांच्या औषधांत वारंवार येते. शृंगार आणि औषध या दोहोंना पुरणारा आपला शब्द ‘अंजन’ हाच आहे.

प्रतिसाद २

‘अंजन’ म्हटले की वाचक ते गुणकारी होते असे धरूनच चालतो, आणि इथे गाठ शिशाशी आहे. २०१० साली फ्रेंच संशोधकांनी दाखवले की शिशाच्या अत्यल्प मात्रेने त्वचेच्या पेशींमध्ये नायट्रिक ऑक्साइड वाढते आणि त्यामुळे रोगप्रतिकाराला मदत होऊ शकते; पण तो प्रयोग प्रयोगशाळेतल्या पेशींवरचा होता, रोज डोळे रंगवणाऱ्या माणसांवरचा नव्हे. शब्द निवडताना आपण नकळत प्रशस्तिपत्र देऊ नये.

धागाकर्ता

व्युत्पत्तीचा मुद्दा बिनतोड आहे, तरी ‘अंजन’ सगळीकडे बसत नाही. इजिप्तमधल्या बेनी हसन येथील दुसरा ख्नुमहोतेप या प्राचीन अधिकाऱ्याच्या थडग्यात ३७ आशियाई लोक मेस्देमेत घेऊन आल्याची नोंद आहे. तिथे तो व्यापाराचा माल आहे. एबर्स पपायरसमधला अंधत्वावरचा एक उपाय तर याहून बोलका आहे. डुकराच्या डोळ्यांतले पाणी, मेस्देमेत, गेरू आणि मध एकत्र वाटून ते मिश्रण रोग्याच्या कानात ओतायला सांगितले आहे. कानात घालायच्या औषधातल्या या घटकाला अंजन कसे म्हणणार? म्हणून मूळ शब्द ‘मेस्देमेत’ असाच ठेवावा आणि जिथे जो उपयोग असेल तिथे तो कंसात मराठीत द्यावा, अशी माझी सुधारित सूचना आहे. ‘काजळ’ मात्र कुठेच नको, या मतावर मी कायम आहे.