मदत हवी आहे : महायुद्धकाळातील मराठी भित्तिपत्रके

नमस्कार. ‘कीप काम अँड कॅरी ऑन’, म्हणजे डोके शांत ठेवून काम चालू ठेवा, हे वचन आज कपांवर सर्रास दिसते. परंतु ब्रिटिश सरकारने १९३९ मध्ये लाल कागदावर, मुकुटाखाली पांढऱ्या अक्षरांत छापलेल्या त्याच्या भित्तिपत्रकाच्या लाखो प्रती भीषण हवाई हल्ल्यांच्या प्रसंगासाठी राखून ठेवल्या आणि पुढे त्यांतील बहुतेक रद्दीत गेल्या. २००० साली इंग्लंडमधील अल्निक येथील जुन्या पुस्तकांच्या दुकानात एक प्रत सापडली, तेव्हा कुठे ते लोकांपुढे आले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबई इलाख्यात जनतेला धीर देणारी अशी मराठी भित्तिपत्रके लागली होती का? कोणाच्या घरी किंवा ग्रंथालयात ती पाहण्यात आली असल्यास कृपया मजकूर कळवावा. विशेषतः ब्लॅकआउटच्या, म्हणजे हवाई हल्ल्याच्या भीतीने रात्री दिवे झाकण्याच्या किंवा मालवण्याच्या, सूचना मिळाल्यास फार उपयोग होईल.