मदत हवी आहे: भावाचं स्किझोफ्रेनियाचं पहिलं औषध कसं ठरवावं?

नमस्कार. धाकटा भाऊ, वय 22. पाच महिन्यांपासून त्याला आवाज ऐकू येतात, शेजारी पाळत ठेवतात असं वाटतं. आधी देवऋष्याकडे दोन महिने घालवले, त्याची बोचणी आहे. जेवणात काहीतरी कालवलंय म्हणून त्याने आईच्या हातचं खाणं सोडलं, तेव्हा मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या खेपेला रिस्पेरिडोन, ओलॅन्झापिन, ॲरिपिप्राझोल यांपैकी कोणतंही देता येतं. गुण साधारण सारखाच, दुष्परिणाम मात्र वेगवेगळे. त्यांचा कल रिस्पेरिडोनकडे आहे, पण घरी बोलून परवा या म्हणाले.

त्याला झोप नाही, म्हणून मला ओलॅन्झापिन बरं वाटतं. पण त्याने वजन आणि साखर वाढू शकते, आणि आई नि मामा दोघांनाही मधुमेह आहे. रिस्पेरिडोनने अंग आखडू शकतं, प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) वाढू शकतं. ॲरिपिप्राझोलने वजन तितकं वाढत नाही, पण काहींना एका जागी बसवत नाही, आणि हा आधीच रात्रभर येरझारा घालतो. त्याला विचारलं तर एवढंच म्हणाला, "ताई, जाड नको करू मला." कबड्डी खेळायचा तो.

तुम्ही घरी कसं ठरवलंत? गुण यायला किती दिवस लागले? गोळी नाहीच घेतली तर आमटीतून द्यावी का?

प्रतिसाद:
ताई, शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते. आमटीतून अजिबात देऊ नका. जेवणात काहीतरी घालतात हाच त्याचा संशय आहे. उद्या त्याला कळलं तर तो खरा ठरेल. माझ्या मुलाच्या बाबतीत आम्ही हे केलं आणि वर्षभर तो माझ्या हातचं पाणीसुद्धा प्यायला नाही. गोळी दाखवून, नाव सांगून द्या. घेतच नसेल तर डॉक्टरांना सांगा.

त्याचं "जाड नको करू" डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा, मधुमेहाचंही. जे औषध तो रोज घेईल तेच कामाचं. झोपेसाठी सुरुवातीला वेगळी गोळी देता येते, तेवढ्यासाठी ओलॅन्झापिनच हवं असं नाही. सुरू करण्याआधी वजन, कमरेचं माप, रक्तदाब, उपाशीपोटी साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून लिहून ठेवा. योग्य डोसवर चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच बंद करू नका. क्लोझापिनचं नाव कानावर येईल, पण ते सहसा दोन औषधांनी गुण न आल्यावरच देतात आणि त्यासाठी रक्ततपासणी नियमित करावी लागते.

रात्री घाबरायला झालं तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं. पण तो स्वतःला किंवा कुणाला इजा करेल असं वाटलं तर थेट दवाखान्यात न्या.

धागाकर्ती:
आमटीचा विचार सोडला. परवा भावालाच बरोबर नेते, त्याचं त्यालाच बोलू देते.