मानमोडी: लस जुनी की लस उन्हात?

'लासोटा जुनी झाली, विषाणू बदलला, म्हणून लस देऊनही गावरान कोंबड्या मेल्या' हे या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच खरं आहे. लासोटा ही मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची लस. राणीखेतच्या विषाणूचे जनुकप्रकार (जनुकांवरून पाडलेले गट) वीसच्या वर आहेत. लासोटा दोन नंबरच्या प्रकारातली, आपल्याकडच्या साथींत तेरावा आणि सातवा सापडलेत. पण सिरोटाइप, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती ओळखते तो प्रकार, एकच, त्यामुळे नीट दिलेली लस मरणापासून वाचवते. विष्ठेतून विषाणू बाहेर पडणं मात्र ती पूर्ण थांबवत नाही.

आमच्याकडे जिंतूरहून एप्रिलच्या उन्हात एसटीनं, शर्टाच्या खिशात लसीची कुपी आणली होती. बर्फ नाही. पंधरा कोंबड्यांतल्या अकरा गेल्या. हिरवी हगवण, मान पाठीवर उलटी. ती लस खिशातच मेली होती, तिला जुनी कशाला म्हणायचं?

आणि कबुतरांचं इथे कुणीच बोललं नाही. माळवदावरची लक्का कबुतरं खाली अंगणात कोंबड्यांसोबतच ज्वारी टिपायची. त्यांतली दोन आधी पंधरा दिवस मान वाकडी करून गोल फिरत होती, दाण्यावर टोच मारली की ती बाजूला पडायची. आम्ही म्हटलं, पडलं असेल कुठून. कबुतरांतला राणीखेतचा विषाणू बहुतेकदा सहाव्या किंवा त्याच्या जवळच्या जनुकप्रकारातला असतो, आणि तो कोंबड्यांनाही लागू शकतो. शौकाचे पक्षी पाळणाऱ्यांनी त्यांचं दाणापाणी आजपासूनच वेगळं करावं.