'सेट' या एका शब्दाचे एवढे अर्थ, मुलीला कसं समजावू?

सातारची_आई:
नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे, सेमी इंग्लिशला. परवा धडा वाचता वाचता तिने वहीत यादीच केली, सन सेट्स म्हणजे सूर्य मावळतो, सेट द टेबल म्हणजे ताटं मांडा, सेट द अलार्म म्हणजे गजर लाव, जेली सेट झाली म्हणजे घट्ट झाली, डॉक्टरांनी बोन सेट केलं म्हणजे हाड बसवलं, सेट फायर म्हणजे आग लावली, आणि वर गणितात सेट म्हणजे संच! मोबाईलवर डिक्शनरी उघडली तर अर्थ संपतच नव्हते. ती म्हणाली आई हे पाठ कसं करायचं, आणि मी मराठी माध्यमातली, मला काही सांगता आलं नाही, ते मनाला लागलंय. यात काही धागा आहे का, की एकेक अर्थ घोकायचाच?

कोल्हापूर_७७:
ताई, मुलीला ओरडू नका, इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ असलेला शब्दच तो आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीत ४३० अर्थ दिलेत.

निवृत्त_बाई:
४३० हा आकडा १९८९ च्या वीस खंडांच्या आवृत्तीतला, तेव्हा 'सेट' या क्रियापदाची नोंद सगळ्यात लांब होती, जवळजवळ ६०,००० शब्दांची. नंतर २०११ मध्ये 'रन' सुधारून लिहिला आणि त्याचे ६४५ अर्थ झाले, त्यामुळे आता पहिला नंबर 'रन'चा. पण ताई, आकड्याने पोर घाबरेल, ते सोडा.

धागा आहे, आणि तो मराठी पोराला इंग्रज पोरापेक्षा लवकर सापडतो असा माझा वर्गातला अनुभव आहे. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. एवढंच आधी सांगा. मग तिला मराठीत विचारा आपण काय काय बसवतो. हाड बसवतो, अंगठीत खडा बसवतो, नाटक बसवतो, गणपती बसवतो, घडी बसवतो. यातलं हाड आणि खडा दोन्ही ठिकाणी इंग्रजीत चक्क सेटच येतं. क्रिकेटमध्ये सेट बॅट्समन म्हणतात त्याला आपण जम बसलेला फलंदाज म्हणतो, बघा पुन्हा बसणंच आलं! गजराचा काटा एका जागी बसवला, ताटं आपापल्या जागी बसवली, असं करत ती बरीच यादी स्वतःच सोडवेल. आग मात्र बसवता येत नाही, तिथे लावणेच पाहिजे, आणि कवितेला चाल लावली यालाही सेटच म्हणतात. म्हणजे बसवणे आणि लावणे ही दोन क्रियापदं हाताशी ठेवली की पुष्कळ काम होतं.

आणि सिट-सेट ही जोडी काही एकटी नाही. झाड पडतं, आपण ते पाडतो. इंग्रजीत फॉल म्हणजे पडणे आणि फेल म्हणजे झाड पाडणे. राइज उठणे, रेझ उठवणे. पडणे-पाडणे, मरणे-मारणे यात आपण जसा मधला स्वर बदलतो ना, तीच ही जुनी युक्ती आहे आणि ती दोन्हीकडे एकाच मूळ भाषेतून आलेली आहे. सिटचा संस्कृतातला भाऊ म्हणजे सद्, ज्याच्यापासून सदन, संसद, परिषद झाले, आणि सद् चं सादयति म्हणजे बसवतो, तेच सेट. मी हे फळ्यावर लिहायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलं पण वर बघायची.

गणितातला संच आणि कपबश्यांचा सेट मात्र वेगळ्या घरचा. तो लॅटिन सेक्टा, म्हणजे मागून जाणारे, अनुयायी, यावरून जुन्या फ्रेंचमधून आला, पंथ या अर्थाचा सेक्ट त्याचाच. उच्चार सारखा झाला आणि दोघं एकमेकांत मिसळले. म्हणून तिथे बसवणे शोधत बसू नका.

परीक्षेसाठी एक गोष्ट, भूतकाळात सेटचं सेटच राहतं, पुट, कट, हिट सारखं. सेटेड लिहून मुलं हमखास मार्क घालवतात.

साइट_इंजिनिअर:
जेलीवरून आठवलं म्हणून लिहितो. आमच्याकडे सिमेंट सेट होणं आणि सिमेंटला ताकद येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्यात गल्लत करतात. साध्या सिमेंटचा सुरुवातीचा सेटिंग टाइम कमीत कमी ३० मिनिटं आणि शेवटचा जास्तीत जास्त ६०० मिनिटं असं भारतीय मानकात आहे. म्हणजे दहा तासांत ते आपली जागा धरतं, हलत नाही, पण ताकद पुढे कित्येक दिवस वाढत राहते, त्यासाठीच पाणी मारायचं असतं. तेव्हा बाईंचं बसवणे इथेही बरोबर लागू आहे, सेट म्हणजे जागेवर बसलं, पक्कं झालं असं नाही. घर बांधताना हा फरक कळला नाही तर स्लॅबचं नुकसान होतं म्हणून कळकळीने सांगतोय.

कोर्टातली_मी:
बाई, फार सुंदर समजावलंत. मी फक्त पुढे अव्यय आलं की काय होतं ते सांगते, कारण तिथे खरंच अडतं. सेट असाइड म्हणजे घरात पैसे बाजूला काढून ठेवले, पण वरच्या कोर्टाने निकाल सेट असाइड केला म्हणजे रद्द केला! पक्षकार बाजूला ठेवला असं समजतात आणि घाबरून परत परत विचारतात. सेट ऑफ म्हणजे प्रवासाला निघणे, फटाका उडवणे, आणि आमच्याकडे वजावट, इन्कम टॅक्समध्ये तोटा वजा करतात तोही सेट ऑफच, आणि कैद्याचे शिक्षा होण्याआधी आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात तोही. हे मात्र वाक्यासकटच लक्षात ठेवावे लागतात, दुसरा उपाय मला सापडला नाही.

सातारची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघी बसलो आणि तिने 'बसवणे'ची चौदा वाक्यं काढली, मग मी वर 'मनाला लागलंय' लिहिलं होतं ते वाचून तिने लागणे सुरू केलं, भूक लागली, निकाल लागला, गाडी लागली, नोकरी लागली, ती एकदम म्हणाली आई, आपल्याला हे कुणी शिकवलंच नाही तरी येतं. फक्त एक अडलंय. सूर्य कुठे बसला? त्याला तर कुणी बसवत नाही.

निवृत्त_बाई:
छान प्रश्न विचारला पोरीने. जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला सेटलगांग असाही शब्द होता, सेटल म्हणजे आसन आणि गांग म्हणजे जाणं, म्हणजे तो आपणहून आसनावर जातो, बसवावं लागत नाही. आणि आपल्या अस्ताचा वेदातला जुना अर्थ घर असा आहे, अस्ताला गेला म्हणजे घरी गेला. दोन्ही तिच्या वहीत लिहून द्या.