बेळगावात राहून जॉर्जिया-मंगोलियाकडच्या शहरांच्या कामात शिरायचं तर तयारी काय करावी?

खानापूर_सिव्हिल

नमस्कार मंडळी. शिक्षण बी.ई. सिव्हिल, व्हीटीयू (विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ). चार वर्षं बेळगाव-निपाणी भागात पाणीपुरवठा आणि ड्रेनेजच्या कामांवर साईट इंजिनिअर आहे. पुढं शाश्वत नगरविकासात जायचं आहे. त्यातही जॉर्जिया, आर्मेनिया, मंगोलिया, सर्बिया असे देश डोक्यात आहेत, म्हणजे १९९० च्या सुमारास सरकारी नियोजन सोडून बाजाराच्या वाटेला लागलेले.

शंका तीन. एम.प्लॅन (नगररचनेतली पदव्युत्तर पदवी) करावं की परदेशी मास्टर्स? तिथल्या शहरांचे प्रश्न आपल्याहून कितपत वेगळे आहेत? आणि नोकरी सांभाळून, इथंच राहून, सीव्हीवर दाखवण्यासारखं काय करता येईल? कन्नड वाचता येतं, रशियन येत नाही.

पेठेतला_प्लॅनर

मधला प्रश्न आधी घेतो.

आपल्याकडं वस्ती वाढते आणि पाईप कमी पडते. तिथल्या बऱ्याच शहरांत नेमकं उलटं झालंय. कारखाने चालणार, माणसं वाढणार असं धरून सोव्हिएत काळात मोठमोठ्या वाहिन्या टाकल्या. पुढं कारखाने बंद पडले, तरुण मंडळी बाहेरदेशी गेली, मीटर बसले तसा घरगुती वापरही उतरला. आता मोठ्या वाहिनीत पाणी नुसतं रेंगाळतं आणि शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन टिकत नाही. मलवाहिनीत वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की गाळ बसायला लागतो. अशा ठिकाणी आपल्या सवयीनं ‘क्षमता वाढवा’ असं लिहिलंत तर अहवाल तिथंच बाद. तिथला उपाय म्हणजे जुन्या पाईपमधून कमी व्यासाची एचडीपीई, म्हणजे प्लॅस्टिकची पाईप, ओढणं, पंप लहान करणं, एखादा कायमचा बंद करणं. उलानबातर याला अपवाद. ते शहर वाढतंय, आणि गेर म्हणजे तंबूसारख्या पारंपरिक घरांच्या वस्त्यांत ड्रेनेजच नाही. तिथं जमीन तीन मीटरच्या आसपास गोठते, त्यामुळं पाईप त्याच्याही खाली न्यावी लागते. आपण मीटरभर खोदून पाईप गाडतो, त्या दरानं अंदाजपत्रक केलं तर हसं होईल.

दुसरी गोष्ट उष्णता. हा विषय आपल्या अभ्यासक्रमात जवळपास नसतोच, आणि तिथं मात्र शहराच्या विजेचा, इंधनाचा, हवेचा सगळा हिशोब त्याच्याभोवती फिरतो. मध्यवर्ती केंद्रात पाणी तापवून ते वाहिन्यांनी इमारतींना पुरवतात. जुन्या पॅनेल-इमारतींत (तयार काँक्रीट-भिंती जोडून उभारलेल्या) एकच उभी पाईप वरच्या मजल्यापासून खालपर्यंत खोली तापवणाऱ्या प्रत्येक रेडिएटरमधून जाते, आणि एका फ्लॅटमधून अशा तीन-चार पाईपा गेलेल्या असतात. म्हणजे फ्लॅटला एक मीटर लावणं शक्यच नाही. बिल चौरस मीटरवर येतं. घर जास्त तापलं तर माणूस खिडकी उघडतो, कारण बंद करायला व्हॉल्व्हच नसतो.

कामाचा क्रम ठरलेला आहे. आधी इमारतीला उष्णता-मीटर. मग तळघरात बाहेरच्या तापमानानुसार इमारतीला जाणारी उष्णता आपोआप कमीजास्त करणारं सबस्टेशन. मग उभ्या पाईपांचं संतुलन, रेडिएटरला बायपास (पाणी पुढं जायची बाजूची वाट) आणि खोलीच्या तापमानानुसार उघडझाप करणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह. भिंतींना इन्सुलेशन त्यानंतर. पुष्कळ ठिकाणी भिंती आधी होतात, कारण त्या फोटोत दिसतात. मग एका टोकाचे फ्लॅट उकडतात, दुसऱ्या टोकाचे गारठतात, परतीचं पाणी गरमच येतं आणि बचत कागदावरच राहते. खिडक्या घट्ट बसवल्या आणि हवा खेळायची सोय ठेवली नाही, तर पहिल्याच हिवाळ्यात कोपऱ्याकोपऱ्यात बुरशी.

तिबिलिसी आणि येरेवानमध्ये ही मध्यवर्ती व्यवस्था १९९० नंतर मोडलीच, लोक घरोघरी गॅसवर गेले. त्यामुळं ‘सोव्हिएत शहर’ म्हणून सगळ्यांना एकच औषध चालत नाही.

आणि मालकी. १९९० नंतर फ्लॅट राहणाऱ्यांच्याच नावावर झाले, अगदी किरकोळ पैशात. पण जिना, छप्पर, तळघर, बाहेरची भिंत कुणाची? कुणाचीच नाही. इमारतीच्या कामासाठी कर्ज घ्यायचं तर रहिवाशांचा संघ नोंदवलेला हवा, ठराव बहुमतानं व्हायला हवा, आणि पेन्शनवर जगणाऱ्या आजीबाईंचा हप्ता कोण भरणार ते ठरायला हवं. प्रकल्प इथंच जास्त अडकतात. इन्सुलेशनची जाडी ठरवणं त्यामानानं पोरखेळ.

नळपट्टी

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. वर सांगितलेलं उष्णतेचं काम बेळगावात बसून शिकता येणार नाही, पण पाण्याची गळती मोजायला जगात कुठंही तोच हिशोब लागतो. तो इथं करा. बेळगावला त्याची पार्श्वभूमीही आहे. जागतिक बँकेच्या कर्जावर हुबळी-धारवाड, बेळगाव आणि कलबुर्गीच्या काही भागांत २००८ पासून २४ तास पाणी सुरू झालं, ते प्रात्यक्षिक विभाग देशभरात दाखल्यादाखल सांगितले जातात. त्याचे जागतिक बँकेचे अहवाल कुणालाही वाचता येतात. आधी ते वाचा.

मग एक लहान विभाग निवडा: पाणी एकाच जागेवरून आत येतं, कनेक्शन २०० ते ६००, आणि पाईप चोवीस तास भरलेली. नगरपालिकेचा भाग असेल तर लेखी परवानगी घ्या. स्वतःची टाकी असलेली सोसायटी मिळाली तर जास्त सोपं.

पहिलं काम हद्द खरोखर बंद आहे का ते बघणं. हद्दीवरचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, आत येणारा बंद करा, आतला एक नळ उघडा. दाब शून्यावर यायला पाहिजे. येत नसेल तर कुठला तरी व्हॉल्व्ह पाणी सोडतोय, किंवा नकाशात नसलेली एखादी जोडणी आहे. ती हुडकल्याशिवाय पुढचा एकही आकडा लिहू नका.

मग रात्री २ ते ४ चा प्रवाह मोजा. तेव्हा लोक झोपलेले असतात, म्हणून जे वाहतं त्यात बहुतेक गळतीच. बाहेरून पट्ट्यानं बांधायचं अल्ट्रासॉनिक मीटर वापरणार असाल तर त्याच्या वरच्या बाजूला पाईपच्या १० व्यासांइतकी आणि खालच्या बाजूला ५ व्यासांइतकी सरळ लांबी लागते. जुन्या बिडाच्या पाईपवर हे मीटर बनवाबनवी करतं, कारण आत गंजाचे फोड असतात आणि खरा आतला व्यास कुणालाच माहीत नसतो.

उदाहरण धरा. कनेक्शन ६००, रात्रीचा प्रवाह तासाला ९ घनमीटर. खरा वापर कनेक्शनमागं तासाला २ लिटर धरला तर १,२०० लिटर. उरले ७,८०० लिटर, ही गळती. दिवसा दाब उतरतो म्हणून २४ ऐवजी २० तासांनी गुणा: दिवसाला १५६ घनमीटर, म्हणजे कनेक्शनमागं २६० लिटर. आता विजेत मांडा. एक घनमीटर पाणी १०० मीटर चढवायला, पंप-मोटर मिळून ६५ टक्के कार्यक्षम धरली तर, ०.४२ युनिट लागतं. दिवसाला साधारण ६५ युनिट, वर्षाला २४ हजारांच्या आसपास. अहवालात ‘शाश्वत’ हा शब्द एकदाही आला नाही तरी चालेल, हा आकडा आला पाहिजे.

फसगत कुठं होते? आपल्याकडं घरोघरी संप (जमिनीतली टाकी) आणि गच्चीवर टाकी. तरंगता व्हॉल्व्ह नसला किंवा अडकला तर टाकी रात्रभर वाहते, आणि तो सगळा प्रवाह तुम्ही रस्त्यातल्या पाईपच्या नावावर टाकता. त्या रात्री निदान ३०-४० घरांचे मीटर २ वाजता आणि ४ वाजता वाचा. दुसरं, पाणी चार दिवसांनी सोडत असतील तिथं ही पद्धत लागूच नाही. पाईप रिकामी असते, पाणी सोडल्यावर आधी हवा धावते आणि मीटर गरागरा फिरतं. ‘हवेचं बिल आलंय’ ही लोकांची तक्रार खोटी नसते. याउलट तरंगत्या व्हॉल्व्हमधून अगदी बारीक धार चालू असली की साधं मीटर ती नोंदतच नाही. दोन्ही चुका वेगवेगळ्या लिहा, एकमेकींत वळत्या करू नका.

टेंडर_वाचक

शिक्षणाचं आणि नोकरीचं.

या देशांत शहरांना पैसा देणाऱ्यांत पुनर्बांधणी आणि विकासाची युरोपीय बँक, म्हणजे ईबीआरडी, मोठी. १९९१ ची, मुख्यालय लंडन, भारत २०१८ पासून सभासद. तिचा ‘ग्रीन सिटीज’ कार्यक्रम २०१६ ला सुरू झाला. शहर आधी कृती आराखडा करतं: हवा, पाणी, जमीन, वाहतूक, इमारती, ऊर्जा, कचरा यांचे निर्देशक काढून प्रत्येकाला हिरवा-पिवळा-लाल रंग द्यायचा, लालांतून अग्रक्रम ठरवायचे, मग कामं आणि पैसा. तिराना, तिबिलिसी, येरेवान, उलानबातर यांचे आराखडे प्रसिद्ध आहेत. दोन घ्या आणि फक्त लाल रंगांची कारणं वाचा. आपल्या शहराचे तसेच निर्देशक भरायला बसा. निम्मे रकाने रिकामे राहतील, आणि आकडा कुठल्या खात्याकडून, कुठल्या अर्जानं मिळतो ते शोधणं हेच तिथं ज्युनिअरचं काम असतं.

कंपनीत शिरताना लक्षात घ्या, प्रस्तावातली मुख्य तज्ज्ञांची नावं तुमच्या वयाला मिळत नाहीत. साधारण १० वर्षांची अट असते. तुमची जागा त्यांच्या मागं, सहायकांत. सीव्ही मात्र आत्तापासून जागतिक बँकेच्या टेक-६ नमुन्यात ठेवा: प्रत्येक कामाला महिना-वर्ष, ठिकाण, ग्राहक, पद, नेमकं काय केलं. ‘पाणीपुरवठ्याचं काम पाहिलं’ याला गुण नाहीत. ‘१६० मिमी एचडीपीई, ४.२ किमी, हायड्रॉलिक टेस्ट, ३१० घरजोडण्या’ याला आहेत. आकडे अर्थातच तुमचे खरे घाला, ग्राहकाचं पत्र जोडा. आशियाई विकास बँकेच्या सल्लागार-नोंदणीत नाव फुकट घालता येतं. युरोपीय संघाच्या निविदांत राष्ट्रीयत्वाची अट असू शकते, ती आधी बघा.

घरच्या अंगणातली एक संधी बहुतेकजण सोडतात. सीआयटीआयआयएस २.० या केंद्र सरकारच्या शहरांसाठीच्या कार्यक्रमातल्या १८ शहरांत बेळगाव आहे, विषय घनकचरा आणि वस्तूंचा फेरवापर. पैसा फ्रान्सची एएफडी आणि जर्मनीची केएफडब्ल्यू या विकास बँका आणि युरोपीय संघ यांचा. हेच लोक बाल्कन आणि कॉकेशसमध्येही शहरांना पैसे देतात. पर्यावरण-सामाजिक संरक्षणाचे नियम, तक्रार निवारणाची पद्धत, तिमाही अहवाल, सगळं त्याच वळणाचं. अशा कामात सल्लागाराकडं दोन वर्षं मिळाली तर ती तिबिलिसीच्या सीव्हीत चालतात.

मास्टर्स: पाण्यातच राहायचं तर नेदरलँडमधली आयएचई डेल्फ्ट ही संस्था. नगर-व्यवस्थापन हवं तर तिथल्याच रॉटरडॅमची आयएचएस ही संस्था, वर्षाचा कोर्स. जर्मनीत डीएएडी या शिष्यवृत्त्या देणाऱ्या संस्थेची विकास-विषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती बघा. तिला किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि पदवी साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी नको असते. तुम्हाला चार झाली, म्हणजे घाई करा. भारतातच नगररचनाकार व्हायचं असेल तर एम.प्लॅन. बाहेरच्या या कामांसाठी एम.प्लॅनची अट नसते.

रशियन येत नाही म्हणून अडत नाही, पण जुने सोव्हिएत नकाशे आणि मानकं रशियनमध्येच आहेत. निदान लिपी आणि नकाशावरचे शंभरेक शब्द शिका. कन्नड वाचता येतं हे सीव्हीत ठळक लिहा. घरी मराठी बोलून महापालिकेचे ठराव कन्नडमध्ये वाचणारा माणूस परक्या भाषेच्या कार्यालयात बुजत नाही, हे मुलाखतीत सांगण्यासारखं आहे. (यावरून सीमाप्रश्न इथं काढू नका, त्याला वेगळा धागा आहे.)

वडगाव_शिवार

नळपट्टी यांचं बरोबर, पण सगळं पाण्याच्या पाईपवर लावू नका. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं पाणी दर पावसाळ्यात शिवारात का शिरतं, त्याचा साधा हिशोबही करून बघा. ४० हेक्टर शेत, ताशी ६० मिमी पाऊस, वाहून जाण्याचा गुणांक ०.३ धरला तर सेकंदाला २ घनमीटर. तिथंच लेआऊट पडून गुणांक ०.७ झाला की ४.७. नाला तेवढाच, मोरी तेवढीच, वर मोरीत आडवी गेलेली जलवाहिनी आणि तिला अडकलेली जलपर्णी. एका मोरीचं माप, गाळाची उंची, फोटो आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या मोफत सॉफ्टवेअरवर पाणलोटाची हद्द, एवढं चार पानांत मांडलंत तर कुठलाही टीम लीडर वाचेल.

खानापूर_सिव्हिल

सगळ्यांचे आभार. डीएएडीचं आजच बघतो. नळपट्टी सर, अल्ट्रासॉनिक मीटर आमच्याकडं नाही आणि भाडं परवडणार नाही. सोसायटीला उंच टाकी आहे. काही चालेल का?

नळपट्टी

टाकीच मीटर आहे की. पावणेदोनला टाकी भरायचा पंप बंद, येणाऱ्या पाईपचा व्हॉल्व्ह बंद. ओव्हरफ्लोमधून थेंबही पडत नाही हे डोळ्यांनी बघा. २ ला आणि ४ ला पातळी मोजा. आतला व्यास ८ मीटर असेल तर क्षेत्रफळ साधारण ५० चौरस मीटर, तासाला ९ घनमीटर जात असेल तर दोन तासांत ३६ सेंटीमीटर उतरते. मधोमध खांब किंवा जिन्याची नळी असेल तर तिचं क्षेत्रफळ वजा करा. भिंतीवरची रंगवलेली पट्टी वापरू नका, ती बहुतेक टाक्यांवर अंदाजानं रंगवलेली असते. वजन बांधलेली स्टीलची टेप वरच्या झाकणाच्या कडेवरून सोडा, दोन्ही वेळा त्याच खुणेवरून. आधी एकदा दोन्ही व्हॉल्व्ह, येणारा आणि जाणारा, बंद करून तासभर पातळी बघा. तरीही उतरली तर टाकीच गळते, तेवढा आकडा उत्तरातून कमी करायचा. आणि टाकीवर एकट्यानं चढू नका.