निधीच्या लेखी बोलीत वाइन-चीजची टोपली ठेवावी की नको?

गंगापूररोडकर
कॉलनीतल्या अभ्यासिकेच्या खुर्च्या-पुस्तकांसाठी डिसेंबरात एका शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये निधीचा कार्यक्रम ठरतोय. दहा-बारा वस्तू टेबलावर मांडायच्या, प्रत्येकीपुढे कागद, त्यावर लोक आकडा लिहीत जाणार, नऊ वाजता सर्वांत वरचा आकडा जिंकला. माझं मत असं की मधल्या टेबलावर वाइन-चीजची टोपली हवीच. पैठणीचा स्टोल आणि तांब्याचा पाण्याचा जग दरवर्षी असतात. त्यांच्यावर बोली दोनदा वाढते आणि थांबते.

टोपलीत काय: ७५० मिलीच्या दोन बाटल्या, एक शेनिन ब्लांक (पांढरी वाइन) आणि एक शिराझ (लाल वाइन), दोन्ही नाशिकच्याच. चीज तीन प्रकारचं मिळून अर्धा किलो, म्हणजे जुनं चेडर २००, मेणाच्या आवरणातलं गाउडा २००, ब्री १००-१२५ ग्रॅम. साधी बिनमसाल्याची बिस्किटं दोन पुडे, अक्रोड १००, काळे मनुके १००, महाबळेश्वरच्या मधाची छोटी बाटली. चार माणसांच्या एका संध्याकाळला एवढं पुरतं. यापेक्षा जास्त भरलं की टोपली किराण्यासारखी दिसते. बोला.

नियमावली
नको. चीज ठेवा, वाइन काढा.

बोली लावून पैसे घेऊन बाटली दिली की ती विक्री झाली. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ खाली परवान्याशिवाय विक्री हा गुन्हा आहे आणि 'पैसे चांगल्या कामाला गेले' हा त्यावर बचाव नाही. बाटली दुकानातून बिल घेऊन आणली होती, हाही नाही, कारण ते बिल तुमच्या खरेदीचं आहे. कार्यक्रमासाठी एक दिवसाचा परवाना काढू म्हणणारे भेटतील. तो जागेवर वाढण्यापुरता असतो, बंद बाटली बोलीने घरी पाठवण्यासाठी नाही. 'वाइन भेट, बोली फक्त चीजवर' असं कागदावर लिहिणं म्हणजे स्वतःहून पुरावा तयार करणं.

आणि कुणी तिकिटं विकून सोडत काढायची कल्पना पुढे करायच्या आत सांगतो, खासगी लॉटरीसाठी जागा चालवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ मध्ये येतं. दोन भानगडी एका टोपलीत नकोत.

दिंडोरीकर
नियमावली, कायद्याचं मान्य, पण त्यावरून 'वाइन काढा' इथपर्यंत उडी मारायची गरज नाही. वाइनरीकडून दोन माणसांच्या टेस्टिंगचं कूपन देणगी म्हणून मागा. बाटली टोपलीत नाही, ओतणारा परवानाधारक, वय तपासणारा तोच (वाइनला आपल्याकडे २१ पूर्ण लागतात), जागा त्याची. गंगापूर धरणाच्या बाजूला आणि दिंडोरीत टेस्टिंग रूम असलेल्या वाइनरी आहेतच. त्यांना हे मागणं नवीन नाही.

कूपनवर चार गोष्टी छापून घ्या: किती माणसं, किती प्रकार चाखायला, शेवटची तारीख, शनिवार-रविवार चालेल की नाही. चौथी राहिली की भांडण ठरलेलं. मुदत किमान चार महिने घ्या. जानेवारी ते मार्च वाइनच्या द्राक्षांची तोडणी असते, लोकांना तेव्हाच जायचं असतं आणि तेव्हाच गर्दी असते. कूपनवाल्याला ड्राय डेही सांगा. २६ जानेवारीची लाँग वीकेंड बघून निघेल आणि काउंटर बंद सापडेल.

गंगापूररोडकर
कूपन म्हणजे पाकीट. पाकिटावर कोण थांबून बघणार? टोपलीची गंमतच बाटलीच्या उंचीत आहे. बाटली साधारण ३० सेंटिमीटर उभी राहते म्हणून बाकीचं सगळं तिच्यापुढे उतरत येतं आणि लांबून नजर जाते. बाटली काढली की राहतो तो फराळ.

थंडपेटी
सगळे बाटलीवरून भांडताहेत. टोपलीत खरी बिघडणारी वस्तू चीज आहे, आणि मूळ यादीत ते चुकीच्या पद्धतीने मांडलंय.

जुनं चेडर आणि मेणातलं गाउडा यांच्यात पाणी कमी, मीठ आणि आंबटपणा पुरेसा. डिसेंबरच्या संध्याकाळी चार तास बाहेर राहिलं तरी फार तर घाम सुटेल, तेल वर येईल. ब्रीचं तसं नाही. ते मऊ, ओलं, बाहेरून आत पिकत जाणारं चीज, त्याला कायम पाच अंशांच्या आत लागतं. पाच वाजता मांडलं, नऊला बोली संपली, साडेनऊला कुणाच्या गाडीच्या डिकीत गेलं, घरी दहाला फ्रिजमध्ये. पाच तास. बाहेर नाशिकची थंडी असली तरी हॉलमध्ये शंभर माणसं आणि टेबलावर सोडलेले दिवे असतात, तिथे पंचवीसच्या आसपास तापमान सहज जातं. मोझरेला, फेटा, ताजं बकरीच्या दुधाचं चीज, सगळ्यांना हाच नियम.

त्यात पारदर्शक कागद. थंडगार चीज टोपलीत ठेवून वरून तो गच्च बांधला की आत दव धरतं. अर्ध्या तासात बिस्किटं मऊ, बाटलीचं लेबल ओलं, मनुके चिकट. मग लोक म्हणतात बिस्किटं जुनी होती.

म्हणून टेबलावर खरं चीज ठेवायचंच नाही. त्याच मापाचे रिकामे डबे किंवा पुठ्ठ्याचे तुकडे बटर पेपरमध्ये बांधून, वर नाव आणि वजन लिहून टोपलीत मांडा. खरं चीज हॉलच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये, पिशवीवर टोपलीचा नंबर. फ्रिज नसेल तर थर्माकोलची पेटी, तळाला दोन आणि वर एक जेल पॅक, मध्ये पुठ्ठा, कारण जेलला थेट चिकटलेलं चीज गोठतं आणि नंतर भुगा होतो. जिंकणाऱ्याने पैसे भरले की पावती दाखवून पिशवी हातात. बर्फाचे खडे वापरू नका, पाणी होतं आणि पुडक्यात शिरतं.

गुंडाळायला आधी बटर पेपर, मग सैल पिशवी. क्लिंग फिल्म थेट लावली की चीज श्वास कोंडल्यासारखं ओलं पडतं आणि प्लॅस्टिकचा वास धरतं.

मनुका
थंडपेटी ताई, एवढा खटाटोप करण्यापेक्षा अमूलच्या प्रोसेस्ड चीजचा डबा का नको? न उघडता बाहेर टिकतो. हिरवा ठिपका आहे, ज्येष्ठ मंडळी ओळखतात.

थंडपेटी
टिकतो, कारण चीज वितळवून, इमल्सिफायर क्षार (चरबी आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे) घालून, तापवून भरलेलं असतं. ते पिकत नाही आणि बदलतही नाही. निव्वळ सोयीसाठी माझा विरोध नाही. पण त्यावर बोली कोण वाढवणार? एमआरपी छापलेली वस्तू समोर दिसली की लोक तेवढाच आकडा लिहितात, कधी त्याहून कमी.

हिरव्या ठिपक्याचा मुद्दा मात्र महत्त्वाचा काढलात. चीजसाठी दूध फाडायला रेनेट नावाचं विरजणासारखं द्रव्य लागतं. भारतीय चीजमध्ये बहुतेक सूक्ष्मजीवांपासूनचं असतं, पण अस्सल पार्मिजानो रेज्जानोला वासराच्या पोटातलंच रेनेट वापरावं लागतं. आयात केलेला तुकडा कुणी उत्साहाने देणगीत दिला तर ठिपका बघूनच टोपलीत घाला. वारकरी आणि जैन घरं असलेल्या कॉलनीत ही चूक वाइनपेक्षा जास्त महागात पडेल.

पंचवटीकर
अभ्यासिका मुलांची. ती दारूच्या बाटलीवर उभी करायची? कूपन असो की बाटली, पाटीवर काय लिहिणार? गोदाकाठच्या गावात याशिवाय चार चांगल्या वस्तू मिळत नाहीत असं नाही.

दिंडोरीकर
काका, मान राखून सांगतो, इथली वाइन म्हणजे इथलीच शेती आहे. सुला या इथल्या वाइनरीची पहिली वाइन २००० साली आली, २००१ मध्ये राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं, आणि त्यानंतर दिंडोरी-इगतपुरीकडे किती मळे उभे राहिले ते बघा. आपल्या जिल्ह्याची वस्तू आपल्या निधीत लाजत का ठेवायची?

निफाडचा
दिंडोरीकर दादा, शेतकऱ्याचं नाव यात नका ओढू. टोपलीतल्या शिराझने थॉमसन ही खायची द्राक्षं लावणाऱ्याला एक रुपया मिळत नाही. खायची द्राक्षं वेगळी, वाइनची वेगळी. वाइनच्या जातीचे मणी लहान, साल जाड, बिया असलेले, बहुतेक माल कराराने वाइनरीला जातो. बाजार समितीत ते कुणी उचलत नाही. द्राक्षवाल्याला मदतच करायची असेल तर टोपलीत चांगला बेदाणा घाला, अर्धा किलोचा पुडा, शेतकऱ्याकडून थेट. बोलीत बाजारभावावर प्रश्नही येत नाही.

बाकी काकांच्या 'पाटीवर काय लिहिणार'ला उत्तर कुणी दिलेलं नाही, ते बघा.

हिशेबनीस
नीतीचं तुमचं चालू द्या. मला आकडा कळत नाही.

समजा टोपली विकत घेऊन भरली, सगळं मिळून ३,२०० रुपये. बोली ३,५०० वर थांबली. अभ्यासिकेला मिळाले ३००. त्यासाठी चार माणसांची दोन दिवसांची धावपळ. टोपलीतली निम्म्याहून जास्त किंमत देणगीतून आली नसेल तर ही वस्तू ठेवण्यात अर्थच नाही. कूपन देणगीत मिळालं, चीज एखाद्या घरगुती चीज करणाऱ्याने किंवा दुकानाने दिलं, बिस्किटं-मध सभासदांनी आणले, विकत फक्त टोपली आणि कागद, तर खर्च ४०० च्या आत आणि बोलीचा प्रत्येक रुपया कामाचा.

सुरुवातीचा आकडा बाजारभावाच्या ४० ते ५० टक्के ठेवा आणि वाढ किमान २०० ची, कागदावर छापून. नाहीतर लोक दहा-दहाने चढतात आणि नऊ वाजतात. जिंकणाऱ्याला आयकर सवलतीची पावती, जिला सगळे ८०जीची म्हणतात, ती देऊ नका. बदल्यात वस्तू घेतली आहे, ती देणगी नव्हे. साधी पावती द्या. ज्याला सवलत हवी त्याने वेगळा चेक द्यावा, रोख २,००० च्या वर गेली की सवलत नाहीच.

नियमावली
हिशेबनीसांचं बरोबर. एक जोड: कूपन देणगीत घेतलं तर वाइनरीकडून लेटरहेडवर दोन ओळी घ्या, की हे अमुक कार्यक्रमासाठी दिलं असून वाइन फक्त आमच्या परवान्याच्या जागेत दिली जाईल. दिंडोरीकरांच्या कूपनला माझा विरोध नाही. बाटलीला आहे.

गंगापूररोडकर
ठीक, बाटली गेली. पण टोपली सपाट दिसणार ही तक्रार कायम. रिकामी बाटली सजवून ठेवू?

बुरूडआळी
रिकामी बाटली नको. लोकांना वाटतं भरलेली कुणी काढून घेतली.

उंची टोपलीतूनच काढा. बांबूची कडीची टोपली घ्या, तळ १४ इंच, खोली ५-६ इंच, मागची कड पुढच्यापेक्षा उंच विणून मिळते, बुरुडाला आठ दिवस आधी सांगा. ओला बांबू असेल तर दोन दिवस सावलीत वाळू द्या, नाहीतर कागदात बंद केल्यावर बुरशीचा वास येतो. तळाला टोपलीच्या मापाचा कोरुगेटेड पुठ्ठा, त्यावर मागच्या बाजूला चुरगळलेल्या वर्तमानपत्राचा चार इंच उतार, वर कापलेला खाकी कागद. द्राक्षाच्या पेटीतला पेंढा वापरायचा मोह होतो, पण त्यात धूळ आणि किडे असतात, खाण्याच्या वस्तूंजवळ नको.

सर्वांत मागे लाकडी चीज बोर्ड उभा, सुतळीने टोपलीच्या विणीला दोन ठिकाणी बांधून. एकाच ठिकाणी बांधला की फिरतो. बोर्डावर कूपन चिमट्याने लावा, मग पाकीट कुठे हरवत नाही आणि तेच सगळ्यांत उंच दिसतं. मधाची बाटली आणि बेदाणा मधल्या पायरीवर, बिस्किटं पुढे, चीजची पुठ्ठ्याची पुडकी सगळ्यांत पुढे. पेरूचं चीज (नावापुरतं चीज, खरं तर पेरूच्या गराची घट्ट वडी) मिळालं तर जरूर घाला. चेडरबरोबर लागतं छान आणि फ्रिजही मागत नाही.

पारदर्शक कागद वरून बांधायचाच असेल तर मागे हात जाईल एवढी फट ठेवा. उचलताना कडी धरू नका, तळाला हात द्या. भरलेली टोपली तीन किलोच्या आसपास जाते आणि कडी विणीतून सुटते ती नेमकी जिंकणाऱ्याच्या हातात.

पंचवटीकर
बोर्डावर सगळ्यांत उंच कूपन, म्हणजे पुन्हा तेच.

दिंडोरीकर
काका, त्या दिवशी दोन टोपल्या मांडू. एक कूपनची, एक बिनकूपनची, दोन्हीत चीज तेच. बोलीचे कागद शेजारी शेजारी राहतील.

हिशेबनीस
चीज दुप्पट लागेल, म्हणजे एक किलो. आधी देणगीत येतंय का ते विचारा, मग दुसरी टोपली.

थंडपेटी
आणि दुसऱ्या टोपलीत ब्री अजिबात नको. जेल पॅक आदल्या रात्रीच फ्रीझरमध्ये टाका, पूर्ण गोठायला बारा तास लागतात.